"आमचा घोडा लई डेंजर!" याचं कौतुक कशासाठी?

मोकळा लगाम (धागाकर्ता):

घोडेवाल्यांच्या घोळक्यात जरा वेळ उभं राहा. वय, उंची, अंगावरचे केसांचे भोवरे, चाल एवढं बोलून झालं की गाडी हमखास एकाच ठिकाणी येते. "आपला घोडा माझ्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही." "घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराचा खांदाच धरला होता." "दोघांना पाडलंय त्यानं." सांगताना चेहरा असा की पोरगं दहावीत बोर्डात आलंय.

यातलं बरंचसं फुगवलेलं असतं. घोडा उडत्या प्लास्टिक पिशवीला बुजून बाजूला उडी मारतो, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर तोच "चार जणांना आवरेना" होतो. कारण उघड आहे, घोडा जेवढा वाईट तेवढा त्याच्यावर बसणारा थोर.

नुसत्या गप्पा असत्या तर हा धागा काढलाच नसता. पण फुगवलेलं हळूहळू खरं होतं. शिंगरू माणसाच्या खांद्यावर पुढचे पाय टाकतं, सगळे हसतात, व्हिडिओ निघतो. खिशातला गूळ हुंगता हुंगता चावा घेतं, "लाडिक आहे" म्हणतात. चार वर्षांनी तेच जनावर साडेतीनशे-चारशे किलोंचं होतं आणि तेच करतं. आता म्हणे तो "माजला".

घोडा शिकतो ते दाब सुटण्यातून. नाल ठोकायला नालबंदानं पाय उचलला, घोड्यानं हिसका दिला, नालबंद मागे सरला, की धडा पक्का झाला. शेजारी उभा मालक "बघा, कसा आहे!" म्हणून हसतो, आणि पुढच्या वेळी पाय धरायला कुणी ठामपणे पुढे होत नाही. मग काटेरी लगाम येतो, अगाडी-पिछाडीचे दोर आवळले जातात, आणि शेवटी घोडा स्वस्तात तिसऱ्याच्या गळ्यात.

माझं मत: दुसऱ्या माणसाला जो घोडा हाताळता येत नाही त्याचं शिक्षण अर्धवट राहिलंय. असेल तर असो, पण निदान मिरवू नका.

तापीकाठचा:

साहेब, तुम्ही क्लबात पावती फाडून बसणारे दिसता. एकदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला या. मारवाडी, काठियावाडी, पंजाबचे पांढरे नुकरे, सगळे बघा. त्यात बहुतेक नर, खच्ची न केलेले. शेजारी घोडी बांधलेली असताना नर गाईसारखा उभा राहील का? त्याला तेज म्हणतात. मान खाली घालून उभ्या घोड्यासमोर गिऱ्हाईक थांबत नाही, हे तुम्ही बाजारात एक दिवस बसलात तर कळेल.

दुसरं, खोड वाढवून सांगणारा तुम्हाला खुपतो. मला लपवणारा खुपतो. बाजारात गुंगीचं इंजेक्शन देऊन गरीब गाय करून विकलेला घोडा घरी नेल्यावर दुसऱ्या दिवशी काय करतो, ते माझ्या चुलतभावाच्या बरगड्यांना विचारा. त्यापेक्षा "चावतो, लांब राहा" म्हणणारा बरा की नाही?

आणि तिसरं, गावातली गोष्ट आहे म्हणून सांगतो. चांगला घोडा दारात असला की पाहुणे, पुढारी, शाळेचे मास्तर, सगळ्यांना एक चक्कर हवी असते. कुणाच्या वरातीला, कुणाच्या पोराच्या फोटोला. नाही म्हटलं की माणूस दुखावतो. "पाडतो हो तो" म्हटलं की कुणी दुखावत नाही. अर्ध्या गावातले डेंजर घोडे हे असे आहेत.

मोकळा लगाम:

तिसरा मुद्दा मनापासून आवडला, आणि खराही आहे. लपवणाऱ्याबद्दल तर वादच नाही, ती सरळ फसवणूक. पण "पाडतो हो तो" एवढ्यावर गोष्ट थांबते का? ती ऐकून मोतद्दार लांबून काठीनं दाण्याचा तोबरा सरकवतो. पोरं दगड मारून बघतात, खरंच अंगावर येतो का. गावानं घोड्याला ज्या नजरेनं बघितलं तसं त्याच्याशी वागलं, आणि घोडा त्या वागण्याला उत्तर देतो.

तेजाबद्दल: नर घोडी बघून खिंकाळणार, मान ताणणार, हे मान्य. माणसाला दातांनी धरणं त्यात कुठून आलं?

पशुवैद्य सातारा:

दोघांच्याही भांडणात एक गोष्ट राहून जातेय. "खोडी" म्हणून मला दाखवलेल्या घोड्यांमध्ये दुखणाऱ्या घोड्यांचा भरणा मोठा असतो. खोगीर पाठीला घासतंय, दाढांना धार येऊन गाल आतून सोललाय, लगाम जिभेवर रुततोय. सांगणार कसा तो? दुगाण्या झाडतो.

दुसरं कारण पोटात असतं. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपतं, कारण निसर्गानं त्याला दिवसभर चरायला बनवलंय. आपण त्याला खुंट्याला बांधतो, दोन वेळा हरभरा, वर गूळ, तूप, दूध, आणि चारा मात्र मोजका. अंगावर चकाकी येते, पोटात व्रण होतात. वर फिरणं नाही. असा घोडा पोटाखालून खोगिराचा तंग बांधताना चावायला फिरला की मालक अभिमानानं म्हणतो, "रग आहे त्याच्यात." दुखणं मिरवण्याचा हा एकमेव प्रकार मी पाहिलाय.

तापीकाठचे भाऊ, माझी अडचण वेगळी आहे. ज्या घोड्याला फक्त मालकाचा हात चालतो, त्याला रात्री दोनला पोटशूळ उठतो आणि मालक परगावी असतो, तेव्हा सलाइन लावायचं कसं? एक पिलू तेवढ्यानं गेलंय माझ्यासमोर.

घुंगरू:

आमचा लग्नातल्या नाचऱ्या घोड्यांचा धंदा, वडिलांपासून. धागाकर्ते, मागच्या पायांवर उभं राहणं ही खोड नव्हे, शिकवणी आहे. काठीची टोकं कुठं, आवाज कोणता, हे ठरलेलं असतं. त्याला महिने लागतात. लोक त्याचेच पैसे देतात, आणि आमच्या घोड्याला "डेंजर" म्हणणं म्हणजे पोटावर पाय.

पशुवैद्य सातारा:

घुंगरू, तुमच्या मेहनतीला नमस्कारच. पण घोडा इशारा कुणाचा घेईल याची खात्री कशी देता? बर्लिनमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी हान्स नावाचा घोडा टापा मारून गणितं सोडवायचा. 1907 मध्ये संशोधक ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की तो गणित करतच नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेची बारीकशी हालचाल वाचत होता. विचारणाऱ्यालाही आपण मान हलवतोय हे कळत नव्हतं. आता तुमच्या वरातीत डीजे चालू आहे, नवरदेवाचे मित्र हात वर करून नाचताहेत. तुमच्या काठीचा इशारा कुठला आणि मामाच्या हाताचा कुठला?

घुंगरू:

म्हणूनच आम्ही वाजंत्री आणि घोडा यांच्यात दोन माणसं उभी करतो डॉक्टर. सगळे करत नाहीत, हे कबूल.

शिलेदार पुणे:

"मर्दानी परंपरा" अजून कुणी काढली नाही, आश्चर्य आहे! काढण्याआधीच सांगतो. मराठी फौजेत शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. घोडा मेला, लंगडा झाला की कमाई गेली, बारगीर होऊन दुसऱ्याच्या घोड्यावर बसायची पाळी. असा माणूस भीमथडीच्या, म्हणजे भीमेकाठच्या, तट्टाला लांब मजल मारायला, थोड्या चाऱ्यावर टिकायला, छावणीत शेकडो घोड्यांत शांत उभं राहायला तयार करणार, की दोन पायांवर उभं राहून टाळ्या घ्यायला?

सई रपेट:

हे फक्त गावाकडचं आहे असं वाचताना वाटलं, म्हणून लिहिते. आमच्याकडे शहरातल्या क्लबात रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड येतात. नवे मालक पहिल्या आठवड्यापासून सांगत सुटतात, "रेसचा आहे, वेडा आहे." इन्स्टाग्रामवर प्रत्येक उडी. तो बिचारा आयुष्यभर एकच गोष्ट शिकलाय, पुढे पळ. तोंडातला दाब वाढला की तो आणखी नेटानं पुढे जातो, आणि हे महाशय घाबरून आणखी ओढतात. त्याच घोड्यावर आमच्याकडची चौदा वर्षांची मुलगी सैल लगामानं फिरते. तिचा व्हिडिओ कुणी टाकत नाही, बघण्यासारखं त्यात काही घडतच नाही.

मोकळा लगाम:

सईताई, "बघण्यासारखं घडत नाही" हेच.

एक कोरडी गोष्टही सांगून ठेवतो. ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं घेतली नाही तर तो गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 289, आता भारतीय न्याय संहितेचं 291. उद्या कुणाला इजा झाली तर "माझा घोडा माणसं फाडतो" ही तुमची रिल पहिला पुरावा. काटेरी लगामही जनावरांशी क्रूरता रोखणाऱ्या 1965 च्या नियमांनी बंद आहे, आणि तो बाजारात राजरोस टांगलेला असतो.

तापीकाठचा:

कायदा काढला म्हणजे मुद्दे संपले, असं समजतो.

डॉक्टरांचं पोटशुळाचं पटलं, घरात बोलणं झालंय, धाकट्या भावाचा हात चालेल असं करू. पण माझा घोडा बिघडलेला आहे हे मी इथे बसून मान्य करणार नाही. सारंगखेड्याला या. नालबंद तुमचा आणा. चारही पाय उचलून देईल तो.

मोकळा लगाम:

येतो. अट एकच, त्या वेळी तुम्ही पन्नास पावलं लांब उभं राहायचं, आणि तोंडानं आवाज काढायचा नाही.

तापीकाठचा:

तीस पावलं. आणि गूळ मी देणार.