तान्ह्या बाळासह बिझनेस क्लास: खर्च सार्थकी लागतो का?

मुक्ताई
प्रवासाच्या वेळी आमचे बाळ नऊ महिन्यांचे असेल. जाताना रात्रीचे नऊ तासांचे विमान आहे, परतीचे दिवसाचे. विमान कंपनीच्या योजनेत साठलेल्या मैलांवर (प्रवासाबद्दल मिळणाऱ्या गुणांवर) आम्हा दोघांना बिझनेस क्लास मिळतो आहे; परंतु मांडीवरच्या बाळासाठीही प्रौढांच्या रोख भाड्याच्या सुमारे १० टक्के रक्कम आणि वर कर मागितले आहेत. या पैशांत बाळाला नेमके काय मिळते? शिवाय शांत झोपेसाठी पैसे मोजलेल्या सहप्रवाशांना आपल्यामुळे त्रास होईल, ही धास्ती आहेच.

खिडकीपाशी
बाळाला फारसे काही मिळत नाही. जे मिळते ते तुम्हाला. मैलांवरच्या तिकिटात बाळाचे भाडे काही कंपन्या रोख दरावर आकारतात, तर काही थोडे मैल घेऊन भागवतात, त्यामुळे त्याच मार्गावरच्या दुसऱ्या कंपनीकडे आधी चौकशी करावी. बॅसिनेटच्या, म्हणजे विमानात लावून मिळणाऱ्या बाळाच्या छोट्या पाळण्याच्या, भरवशावर मात्र राहू नका. ते ठरावीक आसनांसमोरच लागते, वजनमर्यादा बहुतेक ठिकाणी १० ते १४ किलोंच्या दरम्यान असते, आणि धरून उभे राहू लागलेले बाळ त्यात ठेवणे धोक्याचे असते. शिवाय पट्टा बांधण्याची खूण लागली की झोपलेल्या बाळाला उचलून घ्यावेच लागते, आणि रात्रीच्या विमानात ती खूण नेमकी डोळा लागल्यावरच लागते! खरा उपयोग सपाट होणाऱ्या आसनाचा आहे, तोही आळीपाळीने: एकाने बाळाला घेऊन जागे राहावे, दुसऱ्याने पाठ टेकून खरोखर झोपावे. बाळाला कुशीत घेऊन दोघांनीही झोपी जाऊ नये.

तिसरी रांग
माझे मत थोडे वेगळे आहे. त्याच पैशांत इकॉनॉमीत बाळासाठी स्वतंत्र आसन घेऊन त्यावर विमानासाठी मान्यताप्राप्त कारसीट बांधणे अधिक सुरक्षित आहे, कारण जोराचे हादरे बसल्यास मांडीवरचे बाळ हातांनी धरून ठेवता येत नाही. बिझनेस क्लासमध्ये अनेक आसनांच्या पट्ट्यातच एअरबॅग असते आणि तशा पट्ट्याने कारसीट बांधू देत नाहीत. तिरप्या आसनांवर तर ती नीट बसतही नाही. बिझनेसच घेणार असाल, तर मधली जोडीची आसने निवडा, पण आराखडा पाहूनच. काही विमानांत त्या जोडीतही इतके अंतर असते की बाळ हातातून हाती देण्यासाठी उठावे लागते.

सावकाश
सहप्रवाशांविषयी: मलेशिया एअरलाइन्सने तान्ह्या बाळांना पहिल्या वर्गात मनाई केली होती आणि २०११ मध्ये त्यावर बराच गदारोळ झाला होता, पण असे नियम विरळाच. तिकीट दिले म्हणजे तुम्हाला तेथे बसण्याचा पूर्ण अधिकार आहे. बाळ रडते ते पुष्कळदा उतरताना, कानांवर दाब आल्याने. गिळण्याच्या क्रियेने तो दाब सुटतो, म्हणून एक दूध त्या वेळेसाठी राखून ठेवावे. विमान जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधीच खाली येऊ लागते. चाके उघडण्याची वाट पाहिली, तर उशीर झालेला असतो.

मुक्ताई
सर्वांचे आभार. जाताना बिझनेस घेऊ, आणि परतीच्या दिवसाच्या विमानात इकॉनॉमीची तीन आसने, कारसीटसह. आता जातानाच्या विमानात मधली जोडी खरोखर शेजारी-शेजारी आहे का, तेवढे कंपनीला विचारून मगच तिकीट काढते.