सायकेडेलिक रॉकच्या उगमाशी तंबोऱ्याचे नाते किती?

खर्जाचा_श्रोता:
नमस्कार. द किंक्स या लंडनच्या बँडचे ‘सी माय फ्रेंड्स’ हे गाणे जुलै १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियाला जाताना हा बँड मुंबईत थांबला होता, आणि पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचे गाणे ऐकून आपल्याला ही कल्पना सुचली, असे गीतकार रे डेव्हिस यांनी सांगितले आहे. गाण्यात सतार कुठेही नाही. गिटारच तंबोऱ्यासारखी अखंड घुमत राहते. ही घटना कळल्यापासून मला एक प्रश्न पडला आहे. सायकेडेलिक रॉकच्या, म्हणजे भ्रमद्रव्यांच्या अनुभवासारखा परिणाम साधू पाहणाऱ्या १९६० च्या दशकातल्या रॉक संगीताच्या, उगमात भारतीय संगीताचा वाटा खरोखर मूलभूत मानावा, की ती वरवरची सजावट होती आणि खरा उगम अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोतच शोधावा?

जुनी_तबकडी:
माझ्या मते वाटा मूलभूत आहे, परंतु तो सतारीचा नसून षड्जाचा, म्हणजे अखंड घुमणाऱ्या ‘सा’चा आहे. ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातून आलेले रॉक अँड रोल बहुधा तीन कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांवर) फिरत राहते, आणि पुढची कॉर्ड केव्हा येते याची ओढ हेच त्याचे बळ असते. ही ओढ काढून घेतली की कान स्वराच्या पोतात शिरू लागतो. तंबोऱ्यापुढे बसून ज्यांनी ‘सा’ लावला आहे त्यांना हा अनुभव वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. बीटल्स या इंग्लिश बँडच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये, ज्याचे ध्वनिमुद्रण ६ एप्रिल १९६६ रोजी सुरू झाले, जवळजवळ सगळे गाणे एकाच आधारस्वरावर उभे आहे आणि त्याखाली तंबोरा आहे. पुढच्याच आठवड्यात ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्याच ‘लव्ह यू टू’मध्ये आरंभी सतारीचा तालाविना आलाप येतो आणि शेवटी लय चढते. त्यातला तबला लंडनमध्ये राहणाऱ्या अनिल भागवत यांनी वाजवला आहे. बाहेरून बोलावलेल्या वादकांची नावे सहसा छापली जात नसत, त्या काळात ही दोन्ही गाणी असलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या वेष्टनावर त्यांचे नाव आले, ही गोष्ट मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

फितीवरचा_आवाज:
आपला षड्जाचा मुद्दा मान्य आहे. तथापि ‘टुमॉरो नेव्हर नोज’मधले यंत्राचे काम आपण वगळले आहे. चुंबकीय फितीच्या तुकड्यांची टोके जोडून केलेली कडी पाच यंत्रांवर एकाच वेळी फिरत होती, आणि बीटल्सचे गायक जॉन लेनन यांचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढला होता. हे ध्वनी कोणत्याही देशाच्या परंपरेत नव्हते. शिवाय अमेरिकेची वाट वेगळी आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स या बँडने १९६६ मध्येच आपल्या अल्बमच्या नावात ‘सायकेडेलिक’ हा शब्द वापरला, आणि त्यांचा वेगळेपणा होता तो मायक्रोफोन लावलेल्या मातीच्या सुरईसारख्या भांड्यात तोंडाने काढलेला घुमारा. सॅन फ्रान्सिस्कोत एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याभोवती जमलेल्या मेळाव्यांत आणि नृत्यगृहांत ग्रेटफुल डेड हा बँड तासन्‌तास वाजवत असे. कॅलिफोर्नियात हे द्रव्य ६ ऑक्टोबर १९६६ पर्यंत कायद्याने निषिद्ध नव्हते. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली ती मुख्यतः या नृत्यगृहांत.

खर्जाचा_श्रोता:
दोघांचेही आभार. मग या दोन वाटा कुठे एकत्र येतात का?

जुनी_तबकडी:
येतात, आणि त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे द बर्ड्स या अमेरिकी बँडचे मार्च १९६६ मधले ‘एट माइल्स हाय’ हे गाणे. दौऱ्यावर असताना हा बँड सतारवादक रवि शंकर आणि जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचे संगीत एकाच फितीवर पुन्हा पुन्हा ऐकत असे. कोल्ट्रेन यांच्या ‘इंडिया’ या रचनेतल्या सॅक्सोफोनचे स्वरसमूह बँडचे गिटारवादक रॉजर मॅग्विन यांनी बारा तारांच्या गिटारवर आणले. म्हणजे भारतीय संगीताचा संस्कार जॅझच्या मार्गानेही तिथे पोहोचला होता. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: रागसंगीताची अमली पदार्थांशी घातली गेलेली सांगड रवि शंकर यांना अजिबात मान्य नव्हती, आणि जून १९६७ च्या कॅलिफोर्नियातल्या माँटेरे संगीत महोत्सवात अफाट दाद मिळवल्यानंतरही त्यांनी आपला विरोध उघडपणे मांडला. तो विरोध मला पूर्णपणे योग्य वाटतो.

फितीवरचा_आवाज:
पुढच्या प्रवासाबद्दल एवढेच जोडतो. १९६८ नंतर द बर्ड्स कंट्री संगीताकडे वळले, पिंक फ्लॉइड हा इंग्लिश बँड दीर्घ रचनांकडे गेला. पण तो न हलणारा आधारस्वर जर्मनीत टिकला. कोलोनच्या कॅन या बँडचे संगीत ऐका: तिथे सतार नाही, तंबोराही नाही, तरीही एकच स्वर आणि एकच ठेका कित्येक मिनिटे धरून ठेवलेला आढळेल.