पट्टीवर एकच रेघ आली, मग ताप कशाचा?

रानभूल
टांझानियातलं मोशी (आपलं पिंपरीजवळचं नव्हे, किलिमांजारोच्या पायथ्याचं). २००७-०८ मध्ये तिथे तापाने दाखल झालेल्या ८७० जणांचा अभ्यास झाला. ५२८ जणांना डॉक्टरांनी मलेरिया ठरवला होता, खरा निघाला १४ जणांना. पूर्ण तपासण्या झालेल्यांपैकी सुमारे २६ टक्क्यांना जनावरांकडून येणारे जिवाणूताप होते: लेप्टो, क्यू फीवर, गोचिडीचा रिकेट्सिया, ब्रुसेला.
आपल्याकडे आशाताई बोट टोचते, मलेरियाच्या पट्टीवर एकच रेघ येते (म्हणजे मलेरिया नाही), पॅरासिटामॉल घ्या नि घरी जा. मी म्हणतो, शेतात-गोठ्यात वावरणाऱ्याची पट्टी निगेटिव्ह आली की आरोग्य केंद्रातच डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) सुरू करा. लेप्टो आणि स्क्रब टायफस (झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा जिवाणूताप), दोन्हींवर चालते.

ओपीडीचा कोपरा
म्हणजे आणखी एका अँटिबायोटिकची खैरात. आधीच सर्दीलाही अझिथ्रो वाटतात. पावसाळ्यात डेंग्यू काय कमी असतो? सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे माकडताप आहे. तोही गोचिडीचाच, पण विषाणू. डॉक्सीचा काडीचा उपयोग नाही. गोळी मिळाली म्हणून पेशंट घरी बसला आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं तर? आधी तपासणी.

रानभूल
कुठली तपासणी? लेप्टोची एलायझा (रक्ताची तपासणी) पहिल्या चार-पाच दिवसांत बहुधा निगेटिव्हच येते. तोवर किडनी थांबते का? स्क्रबचा संशय आला की रिपोर्टसाठी थांबू नका, असं आयसीएमआरही (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) सांगतं.

धानोऱ्याचा पाहुणा
मोशीचं गणित गडचिरोलीत लावू नका, इथे फाल्सिपेरमने (मलेरियाचा जीवघेणा प्रकार) माणसं जातात. इथली भानगड उलटी. पट्टी पॉझिटिव्ह म्हणजे ताप मलेरियाचाच असं नाही. उपचारानंतरही ती काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते. औषध पुरं होऊनही ताप उतरत नाही, आणि कपडे बाजूला सारून कोणी बघत नाही. काख, जांघ, कमरेला नाडी आवळते ती जागा बघा. स्क्रब असेल तर तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते. दुखत नाही, म्हणून पेशंट बोलत नाही. प्रत्येकाला येत नाही, पण दिसली तर एलायझाची वाट कशाला?

गोठेवाली
ओपीडीच्या रांगेत बाईमाणसाची जांघ कोण बघणार, दादा? पडदा तरी असतो का? आणि गरोदर बाईला सहसा डॉक्सी देत नाहीत, तिथे अझिथ्रो लागते. ब्रुसेलाला तर दोन औषधं सहा आठवडे. आठवडाभर डॉक्सी दिली की ताप उतरतो, मग परत येतो. सरसकट म्हणताना हे सगळं सुटतं.

रानभूल
ब्रुसेला वेगळा ठेवा, मान्य. पण रक्त पाठवायचं म्हणून गोळी का थांबवायची? दोन्ही एकाच दिवशी करा.

ओपीडीचा कोपरा
कागदावर झकास. प्रत्यक्षात गोळी दिली, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, की पेशंटही फिरकत नाही नि रक्त पाठवायचंही कोणाला आठवत नाही. मग गावात लेप्टो आहे हे जिल्ह्याला कळणार कसं?