फॅमिली ग्रुप: शनिवारचे लोडेड फ्राइज

वहिनी: शनिवारी सगळे आमच्याकडे. टाको-स्टाइल लोडेड फ्राइज करीन म्हणते. पण मागच्या वेळचं आठवतंय ना? वर खिमा आणि सॉस पडला आणि पाच मिनिटांत खालचे फ्राइज पार सादळले. शेवटी चमच्याने खाल्ले सगळ्यांनी.

छोटू: मला आवडले होते

मामी: वर चीज असलं की तुला पुठ्ठाही आवडेल.

दादा: बाहेरून मागवू या का?

आई: गप रे. ती करतेय ना हौसेने.

मावशी: एअर फ्रायर वापर गं सरळ. माझा आणते. २०० डिग्रीला १५ ते २० मिनिटं, मधे एकदा हलवायचे, एकावर एक रचायचे नाहीत. तेलाची कटकट नाही.

मामा: एअर फ्रायरचे नुसते खायला ठीक. वर एवढा माल चढवायचा तर तळलेलेच हवेत, तेही दोनदा. पहिल्यांदा १६० ला, मग...

मावशी: आले साहेब थर्मामीटर घेऊन.

मी: मामा म्हणतो ते बरोबरच आहे, पण वहिनी, तुझे फ्राइज तळण्यामुळे नाही बिघडले. पाणी वरून आलं. खिम्याला रस्सा होता, टोमॅटो बियांसकट चिरलेला होता आणि दही डब्यातून काढून तसंच घातलेलं. एवढ्या पाण्यात कसेही तळलेले फ्राइज तगणार नाहीत. आधी वरचं कोरडं कर, खालचं मग बघू.

वहिनी: खिमा कोरडा केला तर चोथा नाही लागणार?

मी: कोरडा म्हणजे कडक नाही. रस सुटा नको, खिम्याला धरून हवा. अर्धा किलो खिमा पसरट कढईत घे, आच मोठी, आणि आधी नुसता परत. तो पाणी सोडतो आणि त्याच पाण्यात बुडबुडत राहतो. इथेच घाई करून मसाला घातला जातो. थांबायचं. पाणी आटलं की आवाज बदलतो, बुडबुड जाऊन चरचर सुरू होते आणि कडेचे दाणे तपकिरी व्हायला लागतात. तेव्हा कांदा-लसूण, आणि मग मसाला.

वहिनी: मसाला पाकिटातला?

मी: घरी होतो की. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा पाप्रिका किंवा कमी तिखट मिरचीपूड, दीड छोटा चमचा जिरेपूड, अर्धा छोटा चमचा ओरेगानो, थोडी मिरपूड, मीठ. आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, हे विसरू नकोस, रस धरून ठेवायचं काम त्याचं. मग दोन चमचे टोमॅटो पेस्ट, अर्धी वाटी पाणी, आणि परत आटव. उलथन्याने कढईच्या तळाला रेघ ओढून बघ. लगेच भरून आली तर अजून वेळ आहे. रेघ तशीच राहिली की गॅस बंद.

दादा: ऑफिसात बसून हे वाचणं म्हणजे छळ आहे

मामी: आणि आम्ही खिमा न खाणाऱ्यांनी काय करायचं?

मी: तुझ्यासाठी राजमा, मामी. अगदी तोच मसाला. निम्मा ठेचायचा, निम्मा अख्खा, आणि रेघेची तीच परीक्षा. खरं सांगू का, फ्राइजवर मला खिम्यापेक्षा राजमाच जास्त आवडतो. ठेचलेला भाग चिकटून बसतो, घरंगळत नाही.

आई: राजमा मी आणते शिजवून. रात्री भिजत घालते.

मी: भिजवलेलं पाणी फेकून दे आणि कुकरलाच लाव. दादाच्या त्या स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा घालू नका.

दादा: का बरं? त्याला बिचाऱ्याला तेवढंच काम मिळालं असतं.

मी: कच्च्या राजम्यात एक बाधणारं प्रथिन (लेक्टिन) असतं, फायटोहीमॅग्लुटिनिन. किमान १० मिनिटं खळखळून उकळलं की ते निकामी होतं. स्लो कुकर बहुतेक वेळा तेवढा तापतच नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. उलट्या, जुलाब, सगळं. डब्यातला शिजवलेला असेल तर काही प्रश्न नाही.

दादा: ओके, स्लो कुकर निवृत्त.

मामा: आता मी बोलू का? बटाट्यावर कोणीच आलं नाही.

मामी: बोला.

मामा: बटाटा पिठूळ हवा. नव्या बटाट्यात पाणी जास्त, त्याचे फ्राइज आतून ओले राहतात. आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवले असतील तर आजच बाहेर काढा. गारठ्यात स्टार्चची साखर होते, मग तळताना रंग पटकन काळपट येतो आणि आतून शिजलेले नसतात. ॲक्रिलामाइड नावाचं नकोसं रसायनही जास्त तयार होऊ शकतं. २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत ते सापडल्याचं सांगितलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. म्हणून फ्राइज सोनेरी झाले की काढायचे, तपकिरी होईपर्यंत थांबायचं नाही.

आई: बरं, कापायचे केवढे?

मामा: एक सेंटिमीटर जाड. काडीसारखे बारीक केले तर वजनाखाली वाकतात. कापून गार पाण्यात दोनदा धुवा, वरचा स्टार्च जाऊ द्या. मग पाणी उकळा, लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर, त्यात १० मिनिटं मंद आचेवर.

मावशी: व्हिनेगर कशाला? आंबट लागतील.

मामा: नाही लागत. बटाट्याच्या पेशी पेक्टिनने जोडलेल्या असतात आणि आंबट पाण्यात ते पेक्टिन लवकर विरघळत नाही. आत पूर्ण शिजतो, पण कडा मोडत नाहीत. साध्या पाण्यात एवढा वेळ ठेवलास तर भाजीच होईल. मग निथळून स्वच्छ कापडावर पसरायचे, वाफ जाऊ द्यायची. हात लावला तर कोरडे लागले पाहिजेत. मग १६० ला चार-पाच मिनिटं. रंग येत नाही, यायलाही नको. बाहेर काढून निदान अर्धा तास गार करायचे आणि शेवटचं तळण १९० ला, दोन-तीन मिनिटं.

वहिनी: मामा, तुम्ही म्हणता ते पटतंय, पण एवढं सगळं ऐनवेळी मला झेपायचं नाही.

मामा: ऐनवेळी नाहीच करायचं. पहिलं तळण सकाळीच उरकून टाक. गार करून डब्यात, डबा फ्रीजरमध्ये. संध्याकाळी फक्त दुसरं तळण.

मावशी: म्हणजे विकतच्या फ्रोजन पाकिटात असतं तेच!

मामा: हो, तेच. त्यांचंही पहिलं तळण कारखान्यात झालेलं असतं. पाकीट आणलंस तरी चालेल, मी नाक मुरडणार नाही. फक्त बाहेर काढून वितळू द्यायचे नाहीत, फ्रीजरमधून थेट तेलात. बर्फाचे कण असतील तर झटकून टाक, तेल उडतं. कढई निम्म्याच्या वर भरायची नाही आणि घाणे लहान घ्यायचे. एकदम सगळे ओतले की तेल गार होतं आणि फ्राइज ते पितात.

मावशी: मग माझा एअर फ्रायर?

मी: आण की. लहान घाण्यांसाठी थांबून राहायला नको, थोडे त्यात होतील. आधी चमचाभर तेल चोळलं की बरा रंग येतो. ते कडेला रचू, मधे तळलेले.

छोटू: चीजबद्दल बोला ना कोणीतरी

वहिनी: हो, तो एक प्रश्न आहेच. माझा चीज सॉस फाटतो. तेल वेगळं, गोळा वेगळा.

मी: उकळी येते म्हणून. जास्त तापलं की चीजमधली प्रथिनं आकसतात आणि तूप बाहेर ढकलतात. असं कर. एक मोठा चमचा लोणी, एक मोठा चमचा मैदा, मिनिटभर परत, त्यात कपभर गरम दूध हळूहळू. घट्टसर झालं की गॅस बंद. मग २०० ग्रॅम चेडार मूठ-मूठ घालत ढवळ. एक मूठ विरघळल्याशिवाय दुसरी नाही. आणि त्यात प्रोसेस्ड चीजच्या दोन स्लाइस टाक. हसू नका कोणी. त्यात सायट्रेट-फॉस्फेटसारखे क्षार असतात, ते पाणी आणि चरबी एकत्र धरून ठेवतात. सॉस गार होईपर्यंत गुळगुळीत राहतो.

मामी: किसलेलं पाकीट आणू का? किसत कोण बसणार?

मी: छोटू. पाकिटातल्या चीजला एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, सॉस थोडा खरखरीत होतो. नुसतं वर भुरभुरायला चालेल.

छोटू: ठीक आहे, किसतो. पण चव घेत घेत.

आई: आणि गार गोष्टी? टोमॅटो, दही?

मी: टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाक, बारीक चिर, मीठ लावून १५ मिनिटं चाळणीत ठेव. खाली वाटीत किती पाणी जमतं ते बघ, मग कळेल मागच्या वेळी काय झालं. कांदा, कोथिंबीर, लिंबू अगदी शेवटी. दही कापडात बांधून चक्का कर, चिमूटभर मीठ, थोडं लिंबू. अॅव्होकाडो ठेचला की लगेच लिंबू पिळ आणि प्लॅस्टिक थेट त्याच्यावर दाबून बसव, मधे हवा नको. बी वाटीत ठेवून काही होत नाही, बी जेवढं झाकते तेवढंच हिरवं राहतं.

मावशी: हो का? मी आजवर बी ठेवत आले.

वहिनी: लेट्यूस?

मी: मला विचारशील तर नकोच. गरम फ्राइजवर दोन मिनिटांत मलूल होतं. त्यापेक्षा व्हिनेगरमधल्या हलापिन्यो मिरच्या. पुसून घाल, त्यांनाही पाणी असतं.

मामी: छोटूला तिखट नको गं.

मी: हलापिन्यो वेगळ्या वाटीत ठेवू. आणि लागलंच तिखट तर पाणी देऊ नका, चक्का द्या. तिखटपणा पाण्यात विरघळत नाही.

मामा: एक सांगू? हे पिवळं चीज आणि खिमा म्हणजे मेक्सिकोचा टाको नव्हे, टेक्स-मेक्स, म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सासची मेक्सिकन धाटणी. तिकडे साध्या टाकोवर कांदा, कोथिंबीर, लिंबू, साल्सा, बास. आणि फ्राइजवर भाजलेलं मांस रचायची ती कार्ने असादा फ्राइजची तऱ्हा अमेरिकेतल्या सॅन दिएगोकडची. नाचोज मात्र सीमेपलीकडचे, १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया यांनी केलेले. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो, म्हणून...

मामी: शनिवारी जेवताना हे भाषण नको हं.

दादा: मला आवडलं. मामा, सुरू ठेव.

वहिनी: रचायचं कसं ते सांगा आधी.

मी: खोल भांडं अजिबात नको, तळाचे फ्राइज वाफेनेच मऊ होतात. मोठा पसरट ट्रे, ओव्हनमध्ये तापवलेला. फ्राइज तेलातून निघाले की लगेच मीठ, ट्रेमध्ये एक थर, वर किसलेलं चीज थोडंसं, आणि २२० ला तीन मिनिटं. हे वितळलेलं चीज मधे आलं की खिम्याचा ओलावा सरळ बटाट्यापर्यंत पोचत नाही. मग गरम खिमा एका बाजूला, राजमा दुसऱ्या, दोन्हींचे चमचे वेगळे. सॉस पळीने रेघा मारत, आणि निम्मा बाजूच्या वाटीत बुडवून खायला. टोमॅटो, अॅव्होकाडो, चक्का टेबलावर आल्यावर.

वहिनी: आणि किती बटाटे आणू? आपण नऊ जण.

आई: दोन किलो पुरेत. माणशी पाव किलोच्या आसपास.

दादा: माझ्या वाटचा अर्धा धरा.

वहिनी: मग अडीच आणते. मामा, तुम्ही आणि मावशी सकाळी दहाला या, कापणं आणि पहिलं तळण उरकू. आई राजमा आणतील, मामी चक्का बांधून ठेवतील.

मामी: बांधते शुक्रवारी रात्रीच.

मामा: थर्मामीटर माझा आणतो.

मावशी: आणणारच तू.

वहिनी: दुसरं तळण सगळे आल्याशिवाय सुरू करायचं नाही. दादाला ऑफिसातून यायला उशीर झाला तर?

मी: तर त्याचे पहिल्या तळणातले फ्रीजरमध्येच राहू देत. आला की तेल तापव.