विंचला विसरू नका
कुणीतरी म्हटलंय, ओढायला विमान नसेल तर ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) जमिनीवरच राहणार. तसं नाही, विंचनेही भागतं. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला दणकट इंजिन आणि ड्रम. ग्लायडरला जोडलेली हजारेक मीटर केबल त्यावर झपाट्याने गुंडाळली जाते, ग्लायडर पतंगासारखा चढतो आणि मिनिटभरात 300-400 मीटर गाठतो. केबल मध्येच तुटली तर? आधी नाक खाली, वेग सांभाळायचा, बाकी सगळं नंतर. शिकाऊंकडून हे अगदी घोटून घेतात. खर्चही विमानापेक्षा बराच कमी. अडचण एकच: जवळपास थर्मल (वर चढणारा गरम हवेचा झोत) सापडला नाही तर पाचेक मिनिटांत परत खाली! विमान मात्र साधारण 600 मीटरवर, हवं तिथे नेऊन सोडतं. डोंगरउतारावरून रबरी दोरीने गलोलीसारखं फेकणं हा जुना प्रकार, आता क्वचितच दिसतो.