रणजींच्या कप्तानीबद्दल थोडी भर

ससेक्स या इंग्लिश काउंटी संघाने रणजींना (म्हणजे रणजितसिंहजींना) कप्तान केलं ते केवळ नावासाठी, असं कुणीतरी लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. १८९९ च्या मोसमात बिली मर्डॉकनंतर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या माजी कप्तानानंतर, जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्याच मोसमात त्यांनी ३१५९ धावा काढल्या. एका मोसमात तीन हजारांचा टप्पा गाठणारे ते पहिलेच! जून आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांत हजाराहून जास्त धावा. जूनमध्येच ट्रेंट ब्रिजच्या मैदानावर नाबाद ९३ करून इंग्लंडची कसोटीही वाचवली. कप्तानीच्या ओझ्याखाली बॅट थंडावलेले किती तरी खेळाडू आपण पाहतो. रणजींची उलट तळपली, आणि १९०३ पर्यंत कप्तानी त्यांच्याकडेच राहिली.