मदत हवी आहे : पायाला प्लास्टर असताना दमसास कसा टिकवू?

नमस्कार मंडळी,

उजव्या पावलाचं करंगळीमागचं हाड (पाचवं मेटाटार्सल) मोडलंय. जोन्स फ्रॅक्चर आहे, म्हणजे हे हाड त्याच्या बुडाजवळ (टाचेकडच्या टोकाजवळ) मोडलंय. हाडाच्या त्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ते सावकाश जुळतं. गुडघ्याखाली प्लास्टर आहे आणि सहा ते आठ आठवडे पाय अजिबात टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. ते मी काटेकोर पाळतेय, तेव्हा ‘थोडं थोडं चालून बघ’ असा सल्ला कृपया नको.

एरवी दर रविवारी सिंहगड चढणारी मी. आता उजवी मांडी डावीपेक्षा बारीक झालेली डोळ्यांना दिसते आणि फार वाईट वाटतं.

फिजिओथेरपिस्टनी सांगितलेलं रोज करते: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबत मांडी आवळायची, पाय सरळ उचलून धरायचा, प्लास्टरबाहेरची बोटं हलवत राहायची. पण यात घाम येत नाही. खुर्चीत बसून छाती धडधडेल असं काय करता येईल? हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन ठोसे मारण्याचा व्यायाम कुणी केलाय का?

वॉकरमुळे तळहात आणि खांदे भरून येतात, त्यावरही उपाय हवाय. मी शाकाहारी आहे. नाचणी, पनीर, मोडाची कडधान्यं चालू आहेत, तरी वजन वाढतंय. जेवण नेमकं कशात कमी करू?

असंच फ्रॅक्चर झालेल्या कुणी प्लास्टर निघाल्यावर पुन्हा गड चढला असेल, तर पोटरी आणि घोट्याची ताकद कशी परत आणली तेही सविस्तर सांगा.